वसईचा दगड

वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पाय कुठे ठेवावा हा प्रश्न खरोखरच पडतो. छप्पर केव्हाच गेलेलं. वर उघडं आभाळ, भिंतींच्या भेगांतून चढलेल्या वड-पिंपळांच्या मुळ्या, आणि खाली थडग्यांच्या शिळा. शिळेला शिळा लागून. कुणावर ढाल आणि शिरस्त्राण, कुणावर घराण्याचं चिन्ह, आणि त्याखाली पोर्तुगीज अक्षरं: ही अमक्याची कबर, त्याच्या बायकोची आणि त्याच्या वारसांची. काही अक्षरं पावसानं पुसली, काही येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांनी. जी उरली आहेत त्यांच्यावरून बोट फिरवलं तर खाच अजून बोटाला लागते. वळणाशी ती उथळ होते, सरळ रेघेत पुन्हा खोल जाते. टाकी धरलेला हात तिथे क्षणभर सावध झाला होता, हे चारशे वर्षांनंतरही कळतं.

त्या खाचेत मला मेलेल्या सरदारापेक्षा ती कोरणारा जास्त भेटतो. सरदाराचं नाव शिळेवर आहे, बायकोचा उल्लेख आहे, वारसांचा आहे. ज्यानं ते नाव दगडात घातलं त्याचं नाव नाही. त्याला ही लिपी कदाचित वाचताही येत नसेल. कुणीतरी खडूनं किंवा कोळशानं अक्षरं काढून दिली असतील आणि त्यानं ती चित्रासारखी उतरवली असतील. एवढ्या जणांना नाव देऊन तो स्वतः निनावी निघून गेला. मी लिहिते आहे ते त्याच्यासाठी.

जवळच सेंट जोसेफचं कॅथेड्रल आहे, उंच मनोऱ्याचं. त्याच्या दारावरच्या लेखात १६०१ साल आहे. त्या वर्षी हे चर्च नव्यानं बांधून काढलं असं सांगून लेखात गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांचं नाव येतं, मग इथल्या व्हिकरचं. सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांनी आपली नावं लिहवून घेतली, यात नवल काही नाही. पण कारागिराचं नाव दगडावर येऊच शकत नाही, असंही नाही. बेलूरच्या मंदिरात मदनिकांच्या पायाशी दासोजासारख्या शिल्पकारांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. आपल्या रायगडावर जगदीश्वराच्या पायरीशी हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे आणि जाणारा प्रत्येक मराठी माणूस वाकून ते वाचतो. वसईत अशी पायरी मला सापडलेली नाही. सापडावी म्हणून दर वेळी कोपरे बघत हिंडते.

इतिहास इथे थोडक्यात सांगता येतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. दोनशे वर्षं ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली, १७८० मध्ये ती इंग्रजांनी घेतली, आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावानं तहावर सही केली ती या गावात. मग राजकारण इथून उठून गेलं. मागे दगड राहिले. मागून मुंबईची लोकल आली, इमारती आल्या आणि वसई उपनगर झाली. तरी स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून पारनाक्यावरून किल्ल्याकडे निघालं की अजून केळीच्या बागा लागतात, जुन्या वाड्या लागतात, आणि पाचूबंदरच्या बाजूला वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. वारा खारा होतो. इथल्या दगडांना रोज लागतो तोच हा वारा.

दगड घडवणं म्हणजे काय असतं, हे मी पाथरवटांच्या वस्तीजवळ राहिल्यामुळे लहानपणी पाहिलं आहे. काळा कातळ नुसत्या जोरानं फुटत नाही. आधी ओळीनं भोकं पाडतात. त्यांत लोखंडी पाचरी बसवतात आणि एकेका पाचरीवर घण मारत ओळीच्या टोकापर्यंत जातात, पुन्हा पहिलीपासून सुरू करतात. सगळ्या पाचरींवर सारखा ताण आला पाहिजे. जुना माणूस त्या वेळी बोलत नाही. पाचरींचा आवाज हळूहळू चढत जातो, आणि तो पुरेसा चढला की त्याला कळतं की आता दगड देणार. मग दगड ओळीवर उकलतो. पुढचं काम सुतकीचं, छिन्नीचं, शेवटी टाकीचं. कातळाला माफी ठाऊक नाही. मातीत चूक झाली तर माती परत लावता येते, मेणात मेण भरता येतं. इथे एक टवका जास्त उडाला की पानाचं टोक गेलं, नाक गेलं, महिन्याची मजुरी गेली. म्हणून पाथरवटाच्या हाताला घाई नसते. त्याच्या डोळ्यांत धूळ असते आणि छातीत धूळ असते. या धंद्यातल्या माणसांचा दम लवकर का तुटतो ते गावात सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि तरी मुलगा बापाच्या शेजारी बसायचा.

किल्ल्यातल्या जेझुइट चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या पन्हळी पाडलेले खांब, आणि वर कोरिंथियन घाटणीची शीर्षं: पानं एकावर एक, टोकं बाहेर वळलेली. ही पानं ग्रीसमधल्या अकॅन्थस नावाच्या झुडपाची. तिथून रोमला गेली, रोमहून लिस्बनला, लिस्बनहून कागदावर रेखाटली जाऊन जहाजात बसली आणि वसईच्या एका पाथरवटाच्या पुढ्यात आली. त्यानं ते झुडूप कधी पाहिलं नव्हतं, असं सहज म्हणता येईल. पण त्याच अकॅन्थस कुळातलं एक झुडूप आपल्या खाडीच्या चिखलात, तिवरांच्या पायाशी, शेकड्यांनी उगवतं. कोकणात त्याला मारांडी म्हणतात. काटेरी कडांची चकचकीत पानं, जांभळट निळी फुलं. ओहोटीला खाडीतून चालत जाणाऱ्याच्या पोटऱ्या ओरबाडणारं ते झुडूप वसईच्या माणसाला परकं नव्हतं. त्या शीर्षांकडे बघताना मला राहून राहून वाटतं, कागदावरच्या परदेशी पानाला जी धार आली आहे, जो ताठपणा आला आहे, तो त्यानं आपल्या खाडीतून आणला असेल. याला पुरावा नाही. फक्त पान आहे.

कुठल्या वाडीतला होतास तू? रात्री घरी गेल्यावर काय सांगत होतास बायकोला? आज देवदूताचा पंख केला, असं? पंख असलेला माणूस तिला कसा समजावलास? ज्या देवासाठी हात चालवत होतास तो तुझा होता की धन्याचा, की दगडाशी बसलं की तो प्रश्नच उरत नव्हता? बालेकिल्ल्याच्या दारावर राजाची ढाल केलीस, आकाशाचा गोल केलास, त्यांचा क्रूस केलास. त्या गोलावरच्या पट्ट्या इतक्या नेमक्या आहेत की खगोल शिकलेल्यानं केल्या असाव्यात असं वाटतं. तुला तो गोल कुणी समजावून सांगितला? की तू फक्त गोलाई ओळखलीस, घागरीची, नारळाची, पोटुशी बाईची, आणि बाकीचं टाकीनं केलं? १७३९ च्या वैशाखात सुरुंगांनी तट उडाले तेव्हा तुझे नातू-पणतू कुठल्या बाजूला होते? तटाच्या आत की बाहेर? मला उत्तर नको आहे. मला एवढंच हवं आहे की तुला कुणीतरी विचारलेलं असावं.

या किनाऱ्यावर कोरणाऱ्या आणि ओतणाऱ्या हातांची परंपरा किल्ल्याहून पुष्कळ जुनी आहे. नालासोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन केलं. विटांच्या स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक बसवलेले चांदीचे, स्फटिकाचे, सोन्याचे करंडक, आणि भोवती ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती: सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, जो अजून यायचा आहे. प्रत्येक बुद्धमूर्तीची हातांची ठेवण आणि आसन पाहण्यासारखं आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे त्या आहेत. त्याच सोपाऱ्यात चक्रेश्वराच्या देवळापाशी शिलाहारकाळातला उंच, उभा ब्रह्मदेव आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाची मूर्ती मुळात दुर्मीळ, आणि ही तर अशी की दाढीची बट न् बट मोजावी. थोडं दक्षिणेला बोरिवलीच्या एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर समुद्रावरचं युद्ध कोरलं आहे. गलबतांच्या रांगा, वल्ह्यांच्या रांगा, पाण्यात पडणारी माणसं, आणि वर अप्सरा त्यांना उचलून नेताना. तिथे तर लढणाऱ्या वीरांचीही नावं काळानं ठेवली नाहीत. कोरणाऱ्याची कुठून राहणार?

पण वसईनं एक शिल्पकार असाही दिला की ज्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, निदान असायला हवं. रघुनाथ कृष्ण फडके. जन्म वसईचा, २७ जानेवारी १८८४. म्हात्रे, करमरकर या शिल्पकारांबरोबर घ्यावं असं हे नाव. कुठल्या कलाशाळेचा शिक्का नसताना हा माणूस मूर्तिकलेकडे वळला आणि तिथेच राहिला. त्यांच्या ‘प्रवचन’ या शिल्पसमूहानं त्यांना नाव मिळवून दिलं. आणि त्यांचं दुसरं एक काम तर लाखो माणसांनी पाहिलं आहे. फडक्यांचं म्हणून मात्र नाही. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचा आहे.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. त्यांना अग्नी दिला गेला तो चौपाटीच्या वाळूत, आणि त्याच जागी हा पुतळा उभा राहिला. पुतळ्यांत एक मोठी अडचण असते: ज्याला सगळ्यांनी पाहिलेलं आहे त्याला घडवायचं. फोटो होते, ओळखणारी हजारो माणसं जिवंत होती, प्रत्येकाच्या मनात आपापले टिळक होते. पगडी, उपरणं, मिशी हे कुणालाही जमतं. टिळकांचं उभं राहणं जमायला हवं होतं, म्हणजे जमिनीवर पडलेला तो भार. फडक्यांना तो साधला. पुतळ्याकडे मागून पाहिलं तरी हे कुणाचं उभं राहणं आहे ते कळतं. मला ते त्या पुतळ्यातलं सगळ्यात थोर वाटतं.

ओतीव पुतळ्याच्या मुळाशी एक मृत्यू असतो, तो सहसा कुणी सांगत नाही. शिल्पकार आधी सांगाडा उभा करतो, त्यावर ओली माती चढवतो. महिनोन् महिने ती ओल्या फडक्यांत गुंडाळून जिवंत ठेवायची. वाळली तर तडकते, जास्त भिजली तर ढासळते. अंगठा फिरतो तो या मातीवर. नाकाची धार, पापणीचं जडपण, ओठांचा मिटलेला कोपरा, सगळं मातीत घडतं. मग तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतात. साचा सुटताना माती मोडते. ज्या एकमेव वस्तूला शिल्पकाराच्या बोटांनी प्रत्यक्ष घडवलं तीच उरत नाही. पुढे साच्यातून प्लास्टर, त्यावरून मेण, मेणाच्या जागी वितळलेला धातू. चौकात उभा असतो तो मूळ मातीचा पणतू. फडक्यांच्या अंगठ्यानं दाबलेले टिळक कधीच पुन्हा माती झाले.

आणि दर अनंत चतुर्दशीला त्या पुतळ्यासमोरून मातीच्या मूर्ती समुद्रात जातात. उत्सव ज्यांनी रस्त्यावर आणला ते टिळक धातूचे होऊन उभे, आणि परळच्या, पेणच्या कारखान्यांत रात्री जागून केलेल्या मूर्ती त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळतात. पेणच्या मूर्तिकाराला ठाऊक असतं की हे दहा-अकरा दिवसांचं आहे, तरी तो डोळ्यांच्या आखणीला तेवढाच वेळ देतो. शिल्पकलेची दोन्ही टोकं एका वाळूवर भेटतात, वर्षातून एकदा, ढोलांच्या गजरात. त्या गर्दीत उभं राहिलं की माझा ऊर भरून येतो, आणि तो फक्त गणपतीसाठी नसतो.

फडके पुढे धारला गेले. १९३० च्या दशकात संस्थानाच्या कामानं त्यांना तिथे नेलं आणि माळव्यानं ठेवून घेतलं. त्यांनी तिथे शिकवलं, मुलं तयार केली. लक्ष्मी कला भवनाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. १९६१ मध्ये पद्मश्री झाली. १९७२ मध्ये, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन, ते गेले. धारला त्यांची शिल्पं जिथे आहेत ती जागा अजून फडके स्टुडिओ म्हणून ओळखली जाते. समुद्रकाठी जन्मलेला माणूस, जिथे समुद्राचा आवाज पोचत नाही अशा पठारावर चाळीसेक वर्षं माती कालवत राहिला. धार त्याला विसरली नाही, हे धारचं मोठेपण. वसईचा किल्ला पाहायला आलेल्यांच्या तोंडून मात्र मी त्याचं नाव अजून ऐकलेलं नाही. निनावी पाथरवटाबद्दल मी काळाला दोष देऊ शकते. फडक्यांबद्दल देता येत नाही. त्यांचं नाव छापलेलं आहे, तारखांसकट. विसरलो ते आपण.

किल्ल्यातल्या काही गोष्टी लांब गेल्या आणि तिथे जगल्या. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर चर्चच्या घंटा मराठी मुलखात वाटल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात त्यांतली एक आहे, तिच्यावर १७२१ साल ओतलेलं आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या घाटावर, दुसरी आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावातली आकृती आहे. कृष्णेत पाय धुऊन वर येणाऱ्या बायका त्या आकृतीलाही हात लावून नमस्कार करतात. आई आणि मूल एवढं त्यांना दिसतं, आणि ओतणाऱ्यालाही तेवढंच दाखवायचं असणार.

जे किल्ल्यात राहिलं त्याची झीज थांबत नाही. खारा ओलावा दगडाच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांत शिरतो. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ आतच स्फटिक धरून फुगतं, आणि वरचा पापुद्रा सुटतो. दर पावसाळ्यानंतर हे पुन्हा. कठीण कातळ टिकून राहतो, पण सांध्यांतला चुना जातो, सांधा गेला की मूळ शिरतं, मूळ जाड झालं की चिरा सरकतो. डागडुजी करताना सिमेंट भरलं तर आणखी वाईट, कारण चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. ही झीज निदान निसर्गाची. खिळ्यानं, चावीनं भिंतींवर ओरबाडलेली नावं मात्र बघवत नाहीत. बदामात दोन नावं, खाली तारीख. आपलं नाव दगडावर राहावं ही ओढ मला समजते, सरदाराला होती तशीच या पोरांनाही आहे. पण या दगडावर हात चालवण्याचा हक्क ज्याला सर्वांत जास्त होता त्यानं तिथे स्वतःचं नाव लिहिलं नाही. कुठेतरी त्याची आठवण ठेवून चावी खिशात राहावी.

वसईचा दगड त्या काळी एवढा नावाजलेला होता की तो जहाजांत भरून गोव्याला नेत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुसच्या बासिलिकेची दर्शनी भिंत आठवा. तांबडा, सच्छिद्र जांभा, आणि त्यात खांब, पट्ट्या, नक्षीची चौकट काळपट करड्या कातळाची. ती चौकट वसईच्या दगडाची. हे चर्च १६०५ मध्ये आर्चबिशप मेनेझिस यांच्या हस्ते पवित्र केलं गेलं. वसईच्या कॅथेड्रलवर ज्यांचं नाव आहे तेच मेनेझिस. दगडही तोच, नावही तेच. गेल्या शतकात त्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा काढून टाकल्यावर जांभा पावसाला उघडा पडला, तो झिजत चालला आहे. वसईचा कातळ अजून कडा धरून आहे.

आत फ्रान्सिस झेवियरचं अवशेषपात्र ज्या संगमरवरी समाधीवर आहे ती फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीनं केली, आणि मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोनं ती भेट पाठवली. दहा वर्षं काम चाललं होतं. १६९८ मध्ये ती तिथे उभी राहिली. फोज्जिनीचं नाव गाईडला पाठ असतं, तो ते अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच, काम तसंच आहे. लोक रांगेत उभे राहून आत जातात, संगमरवरापुढे थांबतात. बाहेरच्या खांबांपाशी टेकून पाणी पितात, चपलेचा पट्टा नीट करतात, मुलांना ओरडतात.

वसईचं कुणी त्या रांगेत असेल तर त्यानं आत जायच्या आधी मुलांना जरा बाजूला घ्यावं. जांभ्यातला तो करडा खांब दाखवावा, त्यावर हात ठेवायला लावावा, आणि सांगावं की हा आपल्याकडचा आहे, चारशे वर्षांपूर्वी समुद्रावरून आला. मुलं विचारतील, कुणी केला? तेव्हा त्यांना पाचरींबद्दल सांगावं, टाकीबद्दल, मारांडीच्या पानाबद्दल. रांग काय, ती सरकत राहील.